तार जमिनीत, कुंपण कुत्र्याच्या डोक्यात

विजेचं कुंपण म्हटलं की महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे येतं ते झटका मशीन. शेताच्या कडेनं खांब, खांबांवर उघड्या तारा, एक बॅटरी, वर सौर पॅनेल. रानडुक्कर तारेला टेकलं की झटका खाऊन माघारी फिरतं. (काही महाभाग मशीनचा खर्च वाचवायला घरातली वीज थेट तारेत सोडतात. तो गुन्हा आहे आणि त्यात जनावरांबरोबर माणसंही मेली आहेत.) पाळीव कुत्र्यांसाठी अमेरिकेत घरोघर वापरलं जाणारं ‘अदृश्य कुंपण’ या जातीचं नाही. त्याची तार जमिनीत पुरलेली असते आणि तिला हात लावला तरी काही होत नाही, कारण झटका तारेत नसतोच. तो कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात असतो. तार फक्त पट्ट्याला कळवते, की कुत्रा हद्दीजवळ आला.

एवढा फरक लक्षात घेतला की पुढचं बरंचसं उलगडतं. झटका मशीनचं कुंपण कुणालाही अडवतं. गळ्यात पट्टा नाही त्याच्यासाठी हे कुंपण अस्तित्वातच नाही. आणि पट्टा आहे त्याच्यासाठीही ते खरं तर त्याच्या आठवणीत उभं असतं. ही आठवण कशी तयार होते, यावर सगळं अवलंबून आहे. दुकानातून विकत येते ती नुसती तार.

हे यंत्र अमेरिकेतच का जन्मलं, याचं उत्तर विजेच्या शास्त्रात नाही, हिरवळीत आहे. तिथल्या उपनगरांत घरापुढची हिरवळ उघडी ठेवायची पद्धत आहे. एका घराची हिरवळ कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते, हे नवख्याला कळतही नाही. ही आवड घडवलेली आहे. १८६९ मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडनं शिकागोजवळच्या रिव्हरसाइड या वसाहतीचा आराखडा केला, तेव्हा घरं रस्त्यापासून तीस फूट आत असावीत अशी अट घातली. त्याला रस्ता म्हणजे दोन भिंतींमधली बोळ नको होती, बाग हवी होती. पुढच्याच वर्षी फ्रँक स्कॉट या बागकाम लेखकानं उपनगरी घरांच्या बागांवर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि आपली हिरवळ शेजाऱ्यांच्या नजरेआड करणं म्हणजे स्वार्थीपणा, ख्रिस्ती माणसाला न शोभणारी गोष्ट, असं बजावलं. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं झपाट्यानं पसरली तेव्हा ही आवड नियमांत उतरली. अनेक वसाहतींत घरमालकांची संघटना, म्हणजे आपल्या भाषेत सोसायटीची कमिटी, पुढच्या अंगणात कुंपण घालूच देत नाही. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये घर घेतलेल्या मराठी मंडळींना या नियमांची जाडी चांगलीच परिचयाची असेल. दाराचा रंग बदलायचा तरी अर्ज करावा लागतो.

आता या उघड्या हिरवळीवर कुत्रा सोडा. समोर रस्ता, रस्त्यावर मोटारी. रिचर्ड पेक हा फिरता विक्रेता होता. रस्त्याकडेला मरून पडलेले पाळीव कुत्रे त्याला वारंवार दिसायचे आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगितलं जातं. १९७३ मध्ये त्याला या युक्तीचं अमेरिकन पेटंट मिळालं. १९७६ मध्ये धंदा जॉन पर्टेलच्या हाती गेला आणि त्यानं गावोगाव विक्रेते नेमून तो वाढवला. पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्याही उतरल्या. टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलची रेडिओ सिस्टिम्स त्यातली सगळ्यात मोठी ठरली. पेटसेफ हा तिचा ब्रँड. २००६ मध्ये तिनं पेकची मूळची इन्व्हिजिबल फेन्स कंपनीच विकत घेतली. रेडिओ सिस्टिम्सचा संस्थापक रँडी बॉइड पुढे टेनेसी विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. कुत्र्यांच्या पट्ट्यांमधून विद्यापीठाच्या सर्वोच्च खुर्चीपर्यंतचा असा प्रवास दुसऱ्या कुणी केला असेल असं वाटत नाही.

यंत्र साधं आहे. गॅरेजमध्ये भिंतीला एक छोटी पेटी लावलेली असते, तो ट्रान्समीटर. त्यातून निघालेली एकेरी तार घराभोवती, अंगणाच्या कडेकडेनं फिरून परत त्याच पेटीत येते. तार दोन-तीन इंच खोल चरात पुरतात. गाडीवाटेच्या सिमेंटमध्ये करवतीनं बारीक खाच पाडून तिथून नेतात. या वेटोळ्यातून पेटी सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा अगदी थोडा प्रवाह सोडते. प्रवाह बदलता, म्हणून तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्रही बदलतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेचं वेटोळं धरलं की त्यात वीज उत्पन्न होते, हे मायकेल फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं होतं. कुत्र्याच्या पट्ट्यात असंच एक इवलंसं वेटोळं असतं. तारेपासून लांब असताना त्यात जवळजवळ काहीच उमटत नाही. जवळ येईल तसा संकेत वाढत जातो. म्हणजे पट्ट्याला संकेताच्या जोरावरून अंतराचा अंदाज येतो. पहिली पातळी ओलांडली की पट्टा ‘बीप बीप’ करतो किंवा थरथरतो. कुत्रा तरीही पुढे गेला तर दुसऱ्या पातळीला झटका बसतो.

कुत्रा मान खाली घालून हुंगतो, वर बघतो, गिरकी घेतो. पट्ट्यात एकच वेटोळं असेल तर एखाद्या कोनात ते संकेताला आंधळं होतं. म्हणून चांगल्या पट्ट्यांत एकमेकांशी काटकोनात तीन वेटोळी बसवतात. पेटीवर एक खुंटी असते, ती फिरवून तारेलगतची इशाऱ्याची पट्टी हातभर ठेवायची की चांगली दोन-तीन मीटर रुंद, हे ठरवता येतं. रुंद ठेवणं शहाणपणाचं, कारण धावत्या कुत्र्याला वळायला जागा लागते.

यातली सगळ्यात देखणी युक्ती पिळाच्या तारेची. पेटीपासून हद्दीपर्यंत तार न्यायची तर ती अंगणातूनच जाणार. मग कुत्र्याला स्वतःच्या अंगणातही बीप ऐकू येईल! यावर उपाय असा, की जाणारी आणि येणारी तार एकमेकींभोवती घट्ट पिळायची. दोघींतून प्रवाह उलट दिशांनी वाहतो, दोघींची क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि त्या पिळावरून कुत्रा खुशाल ये-जा करतो. हीच गोष्ट नको तिथे घडली की कुंपण मुकं होतं. कुणी फक्त पुढच्या बाजूला तार टाकून तिच्या शेजारूनच ती परत आणली तर दोन्ही तारा एकमेकींचा संकेत खातात. म्हणून अशा जागी जाणाऱ्या आणि येणाऱ्या तारेत मीटर-दोन मीटरचं अंतर ठेवावं लागतं. वेटोळं अखंड असल्यामुळे तार कुठेही तुटली तरी प्रवाह थांबतो आणि पेटी कोकलायला लागते. तुटकी जागा शोधायला काही जण जुना मीडियम वेव्हचा रेडिओ घेऊन तारेच्या मार्गानं चालतात. तारेवर त्यातून घरघर ऐकू येते. आवाजात एकदम फरक पडला की तिथे खणायचं. आकाशवाणी ऐकणं सोडून दिलेल्यांच्या घरातला रेडिओ असाही उपयोगी पडू शकतो.

वीज कडाडायला लागली की मात्र जपावं लागतं. जमिनीत पसरलेली शेकडो फूट तार जवळ पडलेल्या विजेचा दणका थेट पेटीत आणते, म्हणून मध्ये संरक्षक यंत्र बसवतात.

आता झटक्याबद्दल. पट्ट्याच्या आतल्या बाजूला धातूची दोन बोथट टोकं असतात, ती केसांमधून मानेच्या कातडीला टेकतात. त्यांच्यामधून जास्त व्होल्टेजचे पण अत्यल्प प्रवाहाचे, निमिषार्धात संपणारे स्पंद जातात. कोरड्या थंडीत मोटारीच्या दाराला हात लावल्यावर चटका बसतो, त्याच्याशी कंपन्या याची तुलना करतात. तुलना अर्धीच खरी आहे. दाराचा चटका एकदाच बसतो आणि बोटाला बसतो. इथे स्पंदांची मालिका असते, ती मानेला बसते, आणि तीव्रता ठरवणारी खुंटी दुसऱ्याच्या हातात असते. भाजत नाही, जखम होत नाही, पण दुखतं. दुखत नसतं तर कुंपण चाललंच नसतं. हे मान्य करूनच पुढे बोलावं. ‘हलकीशी गुदगुल्यांसारखी जाणीव’ वगैरे जाहिरातीत ठीक आहे.

मग कुत्रा शिकतो ते नेमकं काय? याचं उत्तर कुंपणाचा शोध लागण्याच्या वीस वर्षं आधी एका प्रयोगशाळेत मिळालं होतं. १९५३ मध्ये हार्वर्डमध्ये रिचर्ड सॉलोमन आणि लायमन विन यांनी कुत्र्यांना दोन कप्प्यांच्या पेटीत ठेवलं. मध्ये कुत्र्याच्या खांद्याइतका अडसर. कप्प्यातला दिवा विझायचा, दहा सेकंदांनी जमिनीतून झटका यायचा. अडसरावरून पलीकडे उडी मारली की सुटका. थोड्याच फेऱ्यांत कुत्रे दिवा विझताच उडी मारायला शिकले, म्हणजे झटका बसायच्या आधीच. खरी गंमत पुढे आहे. संशोधकांनी झटका बंद करून टाकला तरी कुत्रे उड्या मारतच राहिले, शेकडो वेळा. झटका आता येणार नाही हे कळायचं तर दिवा विझल्यावर थांबून बघायला हवं, आणि ते तर कुणी करत नव्हतं. जो थांबतच नाही त्याला धोका टळलाय हे कळणार कसं?

अदृश्य कुंपणाचं अर्धं यश या प्रयोगात आहे. नीट शिकलेल्या कुत्र्याला आयुष्यात मोजकेच झटके बसतात. बीप ऐकला की तो वळतो, आणि वळतो म्हणून बीपच्या पुढे काय आहे हे तपासायची वेळ त्याच्यावर येत नाही. पट्ट्याची बॅटरी कधीच संपलेली असते, मालकाच्या ते गावीही नसतं, आणि कुत्रा रोज त्याच रेषेवरून माघारी फिरत असतो.

दुसरा प्रयोग इतका सुखद नाही. १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना आधी असे झटके दिले, की जे काहीही केलं तरी थांबत नव्हते. नंतर त्यांना त्या दोन कप्प्यांच्या पेटीत ठेवलं. आता एक उडी मारली की सुटका होती. पण त्यांतल्या बहुतेकांनी उडी मारलीच नाही. झटका सोसत ते एका जागी पडून राहिले. आपल्या हातात काही नाही, हेच ते शिकले होते. पुढे माणसांच्या नैराश्याचा विचार करताना या प्रयोगाचा आधार घेतला गेला. झटका दोन्ही प्रयोगांत होताच. फरक एवढाच, की पहिल्या कुत्र्यांना तो कधी येणार आणि कसा टाळायचा, हे ठाऊक होतं.

हाच फरक गळ्यातल्या पट्ट्याबाबतही दिसतो. जर्मनीत हॅनोव्हरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४ बीगल कुत्र्यांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला बनावट सावज तोंडात धरलं त्या क्षणीच झटका मिळे. दुसऱ्याला बोलावल्यावर आला नाही तर. तिसऱ्याला केव्हाही, काहीही कारण नसताना. त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं गेलं. ज्यांना झटक्याचं कारण लख्ख कळत होतं, त्यांच्यात ते फारसं वाढलं नाही. उरलेल्या दोन्ही गटांत वाढलं, आणि सर्वांत जास्त वाढलं ते विनाकारण झटके खाणाऱ्यांत. हे झटक्यांचं समर्थन नव्हे. संशोधकांनीही ते तसं मांडलं नाही. इतकी अचूक वेळ साधणं सामान्य मालकाच्या आवाक्यातलं नाही, असाच त्यांचा सूर होता.

म्हणून शिकवणीला एवढं महत्त्व. तार टाकली की तिच्या मार्गावर छोट्या झेंड्या टोचत जातात. अमेरिकेत एखाद्या हिरवळीवर पांढऱ्या झेंड्यांची रांग दिसली की समजावं, या घरात नवा कुत्रा शिकतोय. झेंड्या कुत्र्याच्या डोळ्यांसाठी, बीप कानांसाठी. पहिले काही दिवस पट्ट्याची टोकं झाकलेली असतात, किंवा पट्टा फक्त आवाजावर ठेवलेला असतो. कुत्रा लांब दोरीवर. तो झेंडीजवळ जातो, बीप होतो, मालक लगेच त्याला घराच्या दिशेनं वळवतो, कौतुक करतो, खाऊ देतो. पुन्हा तेच. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. बीप म्हणजे ‘वळ, की सुटलास’ हे अंगात मुरल्यावरच हलका झटका सुरू करायचा. पुढच्या टप्प्यात रेषेपलीकडे चेंडू, ओळखीचा माणूस, शेजारचा कुत्रा अशी आमिषं ठेवायची. हे सगळं जमलं की झेंड्या एकाआड एक काढायच्या. बहुतेक पुस्तिका याला दोन आठवडे सांगतात. हट्टी किंवा घाबरट कुत्र्याला जास्त लागतात. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला या भानगडीत घालूच नये.

बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं. तार पुरायला एक शनिवार पुरतो, म्हणून मालकाला वाटतं काम झालं. रविवारी पट्टा चढवून तो कुत्र्याला अंगणात सोडतो. कुत्र्याला कुठूनसा आवाज येतो, मग मानेला काहीतरी डसतं. तो पळतो, पण कुठे पळायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे तो पुढेही पळू शकतो. असा कुत्रा मग अंगणातच उतरायचं नाव घेत नाही, पायरीवर अंग चोरून बसतो. घरातल्या मायक्रोवेव्हच्या बीपलाही काही कुत्रे दचकू लागतात. सेलिगमनच्या पेटीत आणि या अंगणात फारसं अंतर राहत नाही.

नीट शिकलेला कुत्राही कधीतरी रेषा ओलांडतो. समोरून खार पळाली, ससा उठला, माजावर आलेल्या कुत्रीचा वास आला, की दोन सेकंदांचा चटका ही फार मोठी किंमत नसते. आणि बाहेर पडल्यावरची अडचण विलक्षण आहे. तारेचं क्षेत्र आत-बाहेर असा भेद करत नाही. ते दोन्ही बाजूंना सारखंच पसरलेलं असतं. बाहेर जाताना खारीच्या नादात सोसलेला झटका परत येताना कुठल्याही नादाशिवाय सोसायचा असतो. साहजिकच कुत्रा घरासमोरच्या रस्त्यावर घुटमळत राहतो. ज्या रस्त्यापासून त्याला वाचवायचं होतं, त्याच रस्त्यावर. काही नव्या पट्ट्यांत परतीच्या वेळी झटका न देण्याची सोय केलेली असते, पण ती सगळ्यांत नाही.

ओहायो राज्य विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २०१७ मध्ये ९७४ कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं तपासली. विजेच्या कुंपणातले ४४ टक्के कुत्रे कधी ना कधी निसटले होते. जाळीच्या किंवा भिंतीच्या खऱ्या कुंपणातून निसटलेले २३ टक्के. आकडे मालकांनी सांगितलेले आहेत, आणि मुळात पळपुट्या कुत्र्यांसाठीच लोक अशी यंत्रं घेत असतील, हेही शक्य आहे. तरी फरक नजरेआड करण्याजोगा नाही. त्याच अभ्यासात चावण्याच्या घटनांमध्ये मात्र ठळक फरक आढळला नाही. हे सांगायला हवं, कारण रिचर्ड पोल्स्की या वर्तनतज्ज्ञानं २००० मध्ये नोंदवलेल्या पाच घटना या वादात नेहमी पुढे येतात. त्यांत हद्दीवर झटका बसलेल्या कुत्र्यांनी जवळच्या माणसाला चावे घेतले होते. झटका आणि समोर उभा माणूस यांची कुत्र्याच्या मनात सांगड बसते, हे स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. कुंपणापलीकडून रोज जाणारा पोस्टमन किंवा सायकलवरची मुलं याच सांगडीत सापडू शकतात. पण पाच घटनांवरून धोका किती हे मोजता येत नाही. धोका कुठल्या प्रकारचा, एवढंच कळतं.

यावर देशोदेशीचे कायदे एकमेकांशी जुळत नाहीत. जर्मनीत संघराज्याच्या प्रशासकीय न्यायालयानं २००६ मध्ये कुत्र्यांच्या शिकवणीत विजेच्या पट्ट्याचा वापर बेकायदा ठरवला. वेल्सनं २०१० मध्ये कुत्र्या-मांजरांच्या गळ्यातल्या झटक्याच्या पट्ट्यांवर बंदी घातली, त्यात कुंपणाचे पट्टेही आले. पेटसेफनं कोर्टात आव्हान दिलं, पण बंदी टिकली. शेजारच्या इंग्लंडनं २०२३ मध्ये नियमांचा मसुदा आणला तो फक्त हातातल्या रिमोटनं चालणाऱ्या पट्ट्यांपुरता. कुंपण मुद्दाम वगळलं, कारण ते प्राण्यांना रस्त्यापासून दूर ठेवतं. तो नियमही ठरल्या तारखेला, १ फेब्रुवारी २०२४ ला, लागू झाला नाहीच. अमेरिकेतल्या पशुवर्तन वैद्यकांच्या संघटनेनं २०२१ मध्ये भूमिका घेतली, की शिकवणीत वेदना देणाऱ्या साधनांना जागाच असू नये. उलट लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये अशा कुंपणात दीर्घकाळ राहिलेल्या मांजरांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या स्वास्थ्यावर वाईट परिणाम झाल्याचं दिसलं नाही. मांजर रेषा शिकलं की त्या रेषेशी झुंजत बसत नाही, हे मांजर पाळलेल्या कुणालाही पटेल.

माझं मत विचाराल तर ‘क्रूर’ किंवा ‘निरुपद्रवी’ यापैकी कुठलाही शिक्का या यंत्राला पुरत नाही. क्रौर्य असलंच तर ते घाईत आहे. दिवसभर दोन हात साखळीला बांधलेल्या कुत्र्यापेक्षा नीट शिकलेल्या, अर्धा एकर मोकळा हुंदडणाऱ्या कुत्र्याचं आयुष्य मला तरी बरं वाटतं. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. तो रोज किती अंगणांत घडतो, हे आपण जाणतो. मात्र या यंत्राचा एक दोष कुठल्याही शिकवणीनं जात नाही. ते फक्त आतल्याला अडवतं. बाहेरच्याला नाही.

अमेरिकेत याचा अर्थ कोल्ह्याच्या जातीचा कायोटी, मोकाट कुत्रा, खोडकर मुलं, किंवा कुत्रा चोरणारा. महाराष्ट्रात याचा अर्थ वेगळाच. ऑनलाइन बाजारात हे संच आता इथेही मिळतात आणि मुळशी, कर्जतकडच्या फार्महाउसवाल्यांना ते मोहात पाडू शकतात: भिंत नको, नजर अडत नाही, कुत्रा मोकळा. पण वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला तेव्हा दिसलं, की त्यांच्या आहारातला वजनानं ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा होता आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या-गुरांपेक्षाही जास्त. उसाच्या फडाला लागून असलेल्या बंगल्यात अदृश्य कुंपण घालणं म्हणजे कुत्र्याला एका जागी धरून ठेवणं आणि बिबट्याला वाट मोकळी ठेवणं. वर झटक्याच्या धाकानं तो कुत्रा पळताना रेषेवर अडखळेल ते वेगळंच. भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या, त्यांच्यासोबत येणारा रेबीज, गोचीड, यांनाही ही तार अडवत नाही.

मुख्य म्हणजे ज्या अडचणीतून हे यंत्र जन्मलं, ती आपल्याकडे नाहीच. इथे कुंपणाला कुणी नाकं मुरडत नाही. देशावर घायपात आणि निवडुंगाच्या वया, कोकणात जांभ्या दगडाचे गडगे, शहरात काचा रोवलेल्या कंपाउंडच्या भिंती; अंगण बंद करणं हा आपल्याकडे घराचाच भाग आहे. त्यात काळ्या मातीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा, पावसाळ्यात फुगणारी जमीन आणि तारा कुरतडणाऱ्या घुशी. पुरलेल्या तारेचं आयुष्य इथे फार नसणार.

तार न पुरता उपग्रहाच्या आधारानं हद्द आखणारे पट्टेही निघाले आहेत. टीव्हीवरचा प्रसिद्ध कुत्राशिक्षक सीझर मिलान अशाच एका कंपनीचा सहसंस्थापक आहे. पण जीपीएसच्या जागेत काही मीटरची चूक असते, झाडाखाली किंवा भिंतीजवळ आणखी वाढते. अर्ध्या एकराच्या अंगणात काही मीटर म्हणजे फुटपाथ आणि रस्त्यातला फरक. मोठ्या कुरणांवर मात्र ती चूक खपून जाते. म्हणून या तंत्राचं भवितव्य मला कुत्र्यांपेक्षा गुरांत जास्त दिसतं. नॉर्वेतली नोफेन्स ही कंपनी बकऱ्यांपासून सुरुवात करून आता मेंढ्या-गाईंनाही असे पट्टे देते. न्यूझीलंडमध्ये हॉल्टर कंपनीचे पट्टे घातलेल्या गाई मोबाइलवर आखलेल्या हद्दीत चरतात.

तेव्हा अमेरिकेत राहणाऱ्या आणि कमिटीनं कुंपण नाकारलेल्या वाचकांनी हे घ्यायचंच ठरवलं, तर दोन आठवड्यांची सुट्टी आधी काढावी आणि मगच तार पुरावी. तार रस्त्यापासून चांगली आत ठेवावी. कुत्रा अंगणात असताना कुणीतरी घरात असावं. पट्टा दिवसाला बारा तासांच्या वर गळ्यात ठेवू नये. टोकं सतत टेकून मानेला फोड येतात, म्हणून रोज केस बाजूला करून कातडी पाहावी. महाराष्ट्रात शेतावर कुत्रा पाळणाऱ्यांनी हे पैसे सहा फुटी जाळीवर आणि रात्रीच्या वरून बंद, पक्क्या पिंजऱ्यावर खर्च करावेत, आणि अंधार पडायच्या आत कुत्रा आत घ्यावा.